ओल्या चिंचेचा ओंडका

माझं लग्न धुरामुळे जमलं आणि मोडता मोडता वाचलं तेही धुरातच. हे मी सजवून सांगत नाहीये. खराखुरा धूर, डोळ्यांतून पाणी काढणारा.

नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. वडिलांनी परळची खोली विकून उमेळे गावाच्या तोंडाशी एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. पुढे रस्ता, मागे केळीची वाडी. वाडीत एक कौलारू घर, घराबाहेर पाणी तापवायचा तांब्याचा बंब, आणि त्या बंबाचा धूर रोज सकाळी सातच्या ठोक्याला थेट आमच्या स्वयंपाकघरात. आईच्या साड्यांना वास, दुधाला वास, पोह्यांनासुद्धा वास. मी जात्याच तापट. आईने दोनदा कुरकुर केली ती ऐकून घेतली, तिसऱ्यांदा शर्ट चढवला आणि तरातरा खाली गेलो भांडायला.

बंबापाशी माझ्याच वयाची एक मुलगी फुंकणी घेऊन बसली होती. पावसाळ्याचे दिवस होते. मी आवाज चढवून म्हटलं, "तुमच्या धुराने आम्हाला घरात बसणं मुश्कील झालंय!"

तिने मानही वर केली नाही. "अर्धी तर वाफ आहे ती. लाकडं भिजलीत. तुमच्या गच्चीवर ऊन पडत असेल तर थोडं आणून द्या, धूर बंद करते."

झालं! मी भांडायला गेलेला माणूस, तसाच परत आलो. पुढच्या रविवारी धूर अजिबात नव्हता, तरी मी तक्रार करायला गेलो. त्याच्या पुढच्याही गेलो. ती गावातल्या बालवाडीत शिकवायची आणि जिभेने एकदम तिखट होती. दोन वर्षं मी अशा तक्रारी केल्या आणि शेवटी एक दिवस दोघांनीही आपापल्या घरी सांगून टाकलं.

माझे आईवडील लगेच तयार झाले. प्रश्न होता तिच्या वडिलांचा. त्यांना घरात आणि गावात सगळे आबा म्हणायचे. उन्हाने रापलेला, कमी बोलणारा माणूस. केळी, भाजी आणि खाडीकडच्या बाजूला भातशेती. त्यांना माझ्याबद्दल राग नव्हता, शंका होती. "फ्लॅटमधली पोरं बटनं दाबतात," ते तिला म्हणाले होते, "बटन दाबून जे होत नाही, तिथं हा बसून राहील काय?" हो नाही आणि नाहीही नाही. मग एकदा त्यांनी निरोप पाठवला: रविवारी हंडी लावतोय, आईवडिलांना घेऊन या, आणि जाळ पोराने बघायचा.

ती मला कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाली, "जेवण झालं की आबा सांगणार आहेत. काय ते त्याच दिवशी. नीट कर."

"जाळ बघायचा म्हणजे काय, लाकडं पेटवायची ना?" मी म्हटलं. "अगं, मी केमिस्ट्रीचा बी.एस्सी. आहे! ज्वलनावर मला चांगले गुण होते."

"गुण राहू दे. लाकडं वाजवून घे."

मला वाटलं, चेष्टा करतेय.

उकडहंडी ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगतो. थंडीत वालाच्या शेंगा भरात आल्या की शेंगा, रताळी, कोनफळ, छोटी वांगी, बटाटे, सगळं हिरव्या वाटणात घोळवून मडक्यात भरतात. मडक्याचं तोंड रानातल्या एका उग्र वासाच्या पाल्याने गच्च बंद करतात आणि मडकं जमिनीवर उपडं घालतात. पाण्याचा थेंब नाही. भोवती आणि वर जाळ करायचा, भाज्यांचंच पाणी सुटून त्या वाफेत सगळं शिजतं. बस, एवढंच. पण हेच एवढंच भल्याभल्यांच्या नाकी नऊ आणतं, कारण मडक्यात बघता येत नाही.

रविवारी आम्ही तिघं पोचलो. माघाची छान थंडी होती. आबांनी मडकं उपडं घालून ठेवलं होतं, चांगलं पोटाएवढं मोठं. त्यांनी मला घरामागे नेलं. तिथे लाकडांचे लहानमोठे ढीग पडले होते.

"ही सगळी तुझी," ते म्हणाले. "पायजे ते घे. जाळ तुझा आनि उघडायची कधी, तेही तूच सांगायचं. आमच्या घरात ज्याचा जाळ, त्याचा शब्द. मधे कोन बोलनार नाय. पन हंडी एकदाच उघडते, ध्यानात ठेव. कच्ची उघडली, वाफ गेली, की मग कोनफळ देवाच्यानेपन शिजत नाय."

आणि ते ओट्यावर जाऊन पान लावत बसले. शेजारी माझे वडील आणि आई. तिची आई स्वयंपाकघराच्या दारात, ती त्यांच्यामागे. पाच जणांचे दहा डोळे माझ्यावर! मला तर भयंकर जोर चढला. बाह्या सरसावल्या आणि ढिगाकडे वळलो.

पहिल्याच ढिगाने माझं मन जिंकलं. पांढरी, गुळगुळीत, मांडीएवढी जाड लाकडं, खडखडीत वाळलेली. नंतर कळलं तो पांगारा होता. पूर्वी त्यांचा पानमळा होता, त्यात नागवेली चढवायला लावलेली झाडं तोडून तिथे ठेवली होती. मांडीएवढं लाकूड मी एका हाताने उचललं आणि खूश झालो. हलकं, म्हणजे कोरडं. जाड, म्हणजे तास-दीड तास बघायला नको. चार फेऱ्या मारून मडक्याभोवती पांगाऱ्याचा किल्लाच उभा केला, खाली सुक्या झावळ्या कोंबल्या आणि काडी लावली.

भस्स! कमरेएवढ्या ज्वाळा! माझ्या वडिलांनी ओट्यावर टाळी वाजवली. "वा रे पठ्ठ्या!" मी कंबरेवर हात ठेवून उभा. आबांकडे तिरक्या डोळ्यांनी बघितलं, ते चुना लावत होते. आभाळ ठेंगणं झालं मला.

दहा मिनिटं. दहाच मिनिटं टिकलं ते आभाळ! बघता बघता किल्ला बसला, ज्वाळा गुडघ्यावर आल्या, मग घोट्यावर, आणि उरली ती पांढरी भुरभुरीत राख. निखारा म्हणून नाही. फुंकर मारली तर राख उडून माझ्याच मिशीत बसली.

आबा ओट्यावरूनच म्हणाले, "एका हाताने उचललास ना रे?"

"हो."

"मग त्यात जळायला होतं काय? पावासारखं लाकूड ते, निम्मी हवा. वाळलेलं लाकूड जेवढं हाताला जड, तेवढा जाळ त्याच्या पोटात."

हात्तिच्या! एवढंच ना? मग जड घेऊ. मी ताड ताड मागे गेलो आणि सगळ्यात जड काय ते शोधलं. कोपऱ्यात चिंचेचा एक ओंडका पडला होता, काळपट सालीचा, बैठ्या पाटाएवढा रुंद. नव्या रस्त्यासाठी कुंपणावरची चिंच त्याच आठवड्यात पाडली होती, तिचा तो बुंधा. उचलेना. मी तो लोटत, ढकलत, शिव्या घालत मडक्याच्या मावळतीच्या बाजूला आणून टेकवला. आबांचं एक वाक्य मी ऐकलं होतं, पण त्यातला पहिला शब्द ऐकलाच नव्हता. वाळलेलं, म्हणाले होते ते.

मडक्याभोवती आणि ओंडक्याखाली झावळ्या, वर करवंट्या, पुन्हा काडी. झावळ्या जळल्या, करवंट्यांनी मस्त तेलकट जाळ धरला, आणि ओंडका चुरचुरायला लागला. चुर्र, चुर्र, सूं. कापलेल्या टोकातून फेस! खरंच सांगतो, लाकडाच्या तोंडाला फेस आला. तपकिरी पाणी बुडबुडत बाहेर येऊन सालीवरून ओघळत होतं. आणि मग धूर. पांढरा, दाट, ढीगभर धूर. तो वाडीवरून सरळ उठला, जरा थबकला आणि आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्याकडे वळला.

"अहो, काय चाललंय खाली?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी गॅलरीत येऊन ओरडल्या. "पोरांना खोकला येतोय!"

"आपल्याच स्वयंपाकघरात चाललाय तो," माझी आई हताशपणे म्हणाली. दारामागून ती खुदकन हसल्याचं मला ऐकू आलं. तेव्हा राग आला. आज आठवलं की मीच हसतो.

आबा आता उठून जवळ आले. ओंडक्याला हात लावला नाही, नुसते बघत राहिले. "तुझा जाळ आता हंडी नाय उकडत," ते म्हणाले, "चिंच उकडतोय. आधी तिच्यातलं सगळं पानी उकडनार, मग ती पेटनार. तोवर आपल्याला काय नाय मिळत."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. अर्धा तास गेला होता. हंडीचा अर्धा भाग तापलेला, अर्धा गार. घाबरलेल्या डोक्याने विचार केला: जाड लाकूड पेटायला वेळ लागतो, बारीक लाकडाला चारी बाजूंनी आग भिडते, बारीक आण! हा विचार चुकीचा नव्हता हो. पण हाताला लागले ते जुन्या मांडवाचे बांबू. अख्खे, पेरासकट. दहा-बारा उचलले आणि घातले आगीत.

धडाम!

दिवाळीतला सुतळी बॉम्ब फुटावा तसा आवाज झाला. "अगं बाई!" म्हणून माझी आई उडालीच. पाठोपाठ दुसरा, तिसरा, ठो, ठो! निखारे अंगणभर उडाले, कोंबड्या केळीत पळाल्या, वडील पाय वर घेऊन ओट्यावर चढून बसले. आणि आबा, ते गंभीर आबा, पोट धरून हसत होते. "अरे, फोडून घालायचे! पेराच्या आत हवा कोंडलेली अस्ते. तापली की ती कुठं जानार?"

मी एकेक बांबू ओढून बाहेर काढला. हात काळे, तोंड काळं. पण एक कबूल करतो, त्या गोंधळातही मला भलतीच मजा यायला लागली होती. परीक्षेत मी लिहिलं होतं, लाकूड जळतं. कुठलं, कसं, किती ओलं, किती जाड, हे कोणी विचारलंच नव्हतं. इथे एकेक लाकूड आपला स्वभाव दाखवत होतं आणि मी सगळ्यांकडून मार खात होतो.

उरलेल्या करवंट्या आणि नारळाची सोडणं घालून मी कसाबसा जाळ चालू ठेवला. सव्वा तास झाला. हंडी झाली की नाही हे बघायची एकच रीत आहे, मडक्यावर पाणी शिंपडायचं. थेंब पडल्या पडल्या चर्र करून नाहीसा झाला की झाली. सगळे गप्पांत होते. मी तांब्या घेऊन उगवतीच्या बाजूला पाणी मारलं. चर्र! थेंब गायब. जीव भांड्यात पडला. मग मावळतीकडे, जिथे चिंच फेसाळत बसली होती तिथे मारलं. थेंब मडक्याच्या पोटावरून आरामात घरंगळला आणि खाली मातीत गेला.

कोणी बघितलं नव्हतं. मीच फक्त बघितलं होतं.

तेवढ्यात तिची आई माझ्यापाशी आली. पदराखाली बाटली. बाई मनाने फार चांगल्या, त्यांना हे लग्न हवं होतं. हळूच म्हणाल्या, "जरा रॉकेल ओता हो. ते बघत नाहीत. भडका होईल, होऊन जाईल." हात पुढे गेला होता माझा, खोटं कशाला बोलू? पण डोळ्यांसमोर तो पांगारा आला. कमरेएवढा भडका आणि दहा मिनिटांत राख. रॉकेलही तसंच, दिसायला मोठं. शिवाय मातीचं मडकं, ते तो वास पिऊन बसलं असतं. मी मान हलवली. त्या बाटली घेऊन परत गेल्या, आणि जाताना त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"काय?" आबांनी ओट्यावरून विचारलं. "उघडायची?"

वडिलांनी घड्याळ बघितलं. एक वाजत आला होता. आई मला डोळ्यांनी खुणावत होती, हो म्हण, हो म्हण. हो म्हटलं असतं तर वरवरचं बरंचसं शिजलेलं निघालं असतं. पाहुण्यांपुढे कच्च्या कोनफळाबद्दल कोण बोलणार होतं? नाही म्हटलं तर सगळ्यांसमोर माझी फजिती, आणि कदाचित बटणवाला तो बटणवालाच म्हणून कायमचा निकाल. तिच्याकडे बघितलं. ती आता हसत नव्हती. चौकट घट्ट धरून उभी होती.

"नाही काका," मी म्हटलं. "कच्ची आहे. या बाजूला धग पोचलीच नाही. आधी भुसभुशीत लाकूड लावलं, मग ओलं लावलं. सगळी चूक माझी. उघडू नका. मला अजून एक तास द्या, आणि..."

"आनि?"

"आणि लाकूड कसं वाजवायचं ते शिकवा."

आबा ओट्यावरून उठले. मग तोंडातलं पान थुंकून आले आणि मला पुन्हा घरामागे घेऊन गेले. भिंतीला टेकवून सुरूची लाकडं रचलेली होती, मनगटाएवढी, मळकट, दिसायला अगदी दरिद्री. सकाळी मी त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नव्हतं. आबांनी दोन उचलली आणि एकमेकांवर मारली.

टण्ण!

अंगावर काटा आला माझ्या. लाकूड की घंटा! मग त्यांनी पांगाऱ्याचं ढलपं मारलं, भप्प. ओल्या चिंचेच्या फांदीचे दोन तुकडे मारले, थप्प. "तू मार," म्हणाले. मी मारलं. टण्ण. पुन्हा मारलं. टण्ण! मी वेड्यासारखा एकेक लाकूड वाजवत सुटलो. त्यांनी सुरूचं टोक दाखवलं, मधून कडेला गेलेल्या बारीक चिरा. "पानी इथनं जातं. टोकाला चिरा पडल्या, साल सुटली, हाताला जड, कानाला खनखनीत. बास, एवढंच बघायचं."

आणि रचायचं कसं तेही शिकवलं. किल्ला नाही करायचा. आडवी उभी, आडवी उभी, मधून हाताची बोटं जातील एवढी फट, म्हणजे खालून हवा खेळते. आधी बारीक फोडलेली, ती पेटली की जाड. चिंचेचा ओंडका मी आणि त्यांनी मिळून बाजूला लोटला.

आणि मग तो जाळ! काय सांगू तुम्हाला! भडका नाही, धूर नाही, आवाज नाही. बुटका, पिवळाधमक, एकसारखा जाळ, मडक्याला कवेत घेऊन बसलेला. लाकूड जळून मोडलं तरी निखारा तसाच लालबुंद, लाकडाच्याच आकाराचा. चेहरा भाजत होता तरी मला हलवेना. वरच्या वहिनींनी गॅलरीत येऊन बघितलं आणि त्या आत गेल्या. मला नाचावंसं वाटत होतं!

पाऊण तासाने मी पाणी मारलं. उगवतीला चर्र. उत्तरेला चर्र. दक्षिणेला चर्र. मावळतीच्या बाजूला घाईत अर्धं पाणी माझ्याच पायावर सांडलं, उरलेलं मडक्यावर पडलं. चर्र!

"उघडा!" मी एवढ्या जोरात ओरडलो की कोंबड्या पुन्हा पळाल्या.

पाला काढला आणि जी वाफ आली, तिचा वास मी आजही सांगू शकतो, वाल, ओला लसूण आणि भाजलेली माती. जांभळं कोनफळ बोटाने दाबलं की लोण्यासारखं जात होतं. उगवतीच्या बाजूची वांगी आणि रताळी दोनदा भाजून पार कोळसा झाली होती. ती माझ्या वडिलांनी स्वतःच्या पानात घेतली. कोणी माझं कौतुक केलं नाही, पण हंडी तळापर्यंत पुसून खाल्ली.

जेवणं झाली. हात धुतले. सगळे ओट्यावर येऊन बसले आणि आबांच्या तोंडाकडे बघायला लागले. माझ्या आईने पदर दोनदा सारखा केला. आबा उठले, घरात गेले, आणि बाहेर आले ते हातात कुऱ्हाड घेऊन.

मी ताडकन उठून उभाच राहिलो.

त्यांनी तो चिंचेचा ओंडका, अर्धा काळा झालेला, अजून टोकाला ओला, पायाने लोटत माझ्यापुढे आणला. कुऱ्हाड माझ्या हातात दिली.

"फोड."

"आत्ता?"

"आत्ताच. आख्खा ठेवला तर दोन वर्सं वाळनार नाय, साल पानी धरून ठेवते. आज फोडून उन्हात रचलास तर वैशाखापर्यंत खनखनीत होईल."

मला वाटलं शिक्षा आहे, सकाळच्या धुराची. कुऱ्हाड उचलली आणि उगीच काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "वैशाखात काय आहे, काका?"

आबांनी माझ्याकडे न बघता माझ्या वडिलांकडे बघितलं. "दोन्हीकडची मिळून चार-पाचशे मानसं होतील ना हो? एवढ्या मानसांचा भात शिजवायचा तर चिंचच पायजे. तिच्यासारखी धग दुसऱ्या लाकडाला नाय."

मला काही कळलं नाही. आधी कळलं ते माझ्या आईला. तिने चटकन होणाऱ्या विहिणीचा हात धरला. दारातली ती एकदम दिसेनाशी झाली आणि आत काहीतरी भांडं खणकन पडलं. मग कळलं मला. कुऱ्हाड डोक्यावर धरून मी तसाच उभा, डोळे भरून आलेले, आणि या वेळी धूर कुठेच नव्हता.

"बघतोस काय?" आबा म्हणाले. "आनि काका काय म्हनतोस? आबा म्हन. मार, पन रेषेवर मार, गाठीवर नको."

संध्याकाळपर्यंत मी फोडत होतो. हाताला सात फोड आले, ते मी आठवडाभर ऑफिसात सगळ्यांना दाखवत होतो. त्यानंतर दर रविवारी जायचो, ढलप्या उलट्या सुलट्या करायचो, वाजवून बघायचो. थप्पचं टक झालं, टकचं टण. वैशाखात त्याच चिंचेच्या जाळावर आमच्या लग्नाचा भात शिजला. हळद लागल्या अंगाने मी मांडवातून दोनदा चुलाण्याकडे पळालो, भटजी ओरडत होते. वर तिसऱ्या मजल्यावर आमच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडी होती, आणि दिवसभरात तिच्यातून एवढासाही धूर आत गेला नाही.